सांगलीत सहा वर्षे वकिली केल्यावर पेमेंट कंपनीच्या विधी विभागात जावे का?

प्रश्न : मिरज_रोड

नमस्कार. मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात गेली सहा वर्षे वकिली करते. धनादेश न वटल्याच्या कलम १३८ खालील फिर्यादी, एका नागरी सहकारी बँकेची वसुलीची प्रकरणे आणि दोन पतसंस्थांचे सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखले, हे माझे रोजचे काम आहे. कामाचा कंटाळा आला म्हणून मी हा प्रश्न विचारत नाही, हे आधीच सांगते.

दीड वर्षापूर्वी बेदाण्याचा व्यापार करणारे एक पक्षकार माझ्याकडे आले. शीतगृहाच्या भाड्यापोटी त्यांनी दिलेला धनादेश परत आला होता. खात्यात अकरा लाख रुपये असताना तो का परत यावा, हे त्यांना कोणी नीट सांगत नव्हते. बँकेत दोन हेलपाटे घातल्यावर कळले की परराज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याच्या सूचनेवरून खात्यातून पैसे काढण्यास बंदी घातली आहे. त्यांच्याकडून माल घेणाऱ्या एकाने यूपीआयने पाठवलेले १८,५०० रुपये दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीतून फिरत फिरत आलेले होते. साडेअठरा हजारांसाठी अकरा लाख अडकले, आणि दिवाळी तोंडावर होती. विक्रीचे बिल, वजनाची पावती आणि खरेदीदाराबरोबरचे संदेश जोडून मी तपास अधिकाऱ्यांना पत्र लिहिले, बँकेला स्वतंत्र पत्र दिले आणि वादग्रस्त रकमेपुरतीच बंदी ठेवावी या केरळ उच्च न्यायालयाच्या २०२३ मधील आदेशाचा आधार घेतला. सत्तेचाळिसाव्या दिवशी १८,५०० रुपये सोडून बाकीचे खाते मोकळे झाले.

त्या काळात मी पहिल्यांदा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ मुळातून वाचला. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील परिपत्रके रात्री बसून वाचू लागले, आणि हा विषय आपला आहे असे मला वाटू लागले. आता पुण्यातील एका पेमेंट कंपनीने विधी आणि कम्प्लायन्स (नियमपालन) विभागात काम देऊ केले आहे. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे आहे.

माझी अडचण अशी आहे की या कामाचा रोजचा दिवस कसा असतो, हे मला सांगणारे इथे कोणी नाही. मला संगणकातले काही कळत नाही. युक्तिवाद आणि उलटतपासणी हेच माझे भांडवल आहे, आणि ते तिथे उपयोगी पडेल का, हे समजत नाही. वकिलीच्या सनदेचे काय होते, काही वर्षांनी परत यायचे ठरवले तर काय गमावलेले असेल, आणि हेच काम सांगलीत राहून करता येईल का, याविषयी ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर १ : कराडहून_पुण्यात

ताई, मी मूळचा कराडचा. चार वर्षे कराड आणि सातारा इथे वकिली करून पुण्यात आलो आणि गेली नऊ वर्षे पेमेंट कंपन्यांच्या विधी विभागात आहे. तुम्ही ज्या जागी उभ्या आहात तिथे मीही उभा होतो, म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

संगणकाची भीती आधी मनातून काढून टाका. या कामात वकिलाला एकाच प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा शोधावे लागते, आणि तो प्रश्न म्हणजे या घटकेला हा पैसा कायद्याने कोणाचा आहे. मागच्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. आमच्याकडच्या नव्या सेवा आखणाऱ्या विभागाने शाळांची फी गोळा करण्याची एक योजना आणली. पालक महिनाभर आपल्या सोयीने पैसे भरतील, आणि महिनाअखेरीस शाळेला एकरकमी रक्कम हिशोबासह मिळेल, अशी ती होती. शाळांनाही ती आवडली होती, कारण त्यांच्या कारकुनाचे काम वाचणार होते. मी फळ्यावर चार चौकोन काढले : पालकाची बँक, आमचे एस्क्रो खाते (म्हणजे दुसऱ्यांचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवण्याचे खाते), शाळेची बँक आणि आमचे स्वतःचे चालू खाते. मग विचारले की पाच तारखेला पालकाने भरलेले पैसे तीस तारखेपर्यंत कोणाचे? ते शाळेचे झाले असतील, तर पंचवीस दिवस ते अडवून ठेवण्याचा आपल्याला अधिकार काय? आणि पालकाचेच राहिले असतील, तर आपण लोकांचे पैसे सांभाळत बसलो आहोत, त्याची परवानगी आपल्याकडे कुठे आहे? बैठकीतल्या बारा जणांना ते पैसे कुठून कुठे जातात हे बिनचूक माहीत होते, परंतु ते कोणाचे आहेत याचा विचार कोणी केलेला नव्हता. शेवटी योजना बदलली. पैसे रोजच्या रोज शाळेला जाऊ लागले, आणि महिनाअखेरीस फक्त एकत्रित हिशोब देण्याचे ठरले. या साऱ्यात मी संगणकाची एकही ओळ वाचली नाही. पतसंस्थेच्या खातेउताऱ्यावरून जी नजर तयार होते, तीच इथे कामाला आली.

कायद्याचा सांगाडा लहान आहे. २००७ च्या कायद्यात चाळीसच्या आत कलमे आहेत, आणि रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून कोणालाही पेमेंट सिस्टीम चालवता येत नाही, हे कलम ४ त्याचा कणा आहे. खरा विस्तार रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमध्ये आहे. व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण पेमेंट अ‍ॅग्रिगेटर म्हणतो त्या कंपन्यांसाठी पहिले सविस्तर नियम १७ मार्च २०२० रोजी आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या जागी नवे एकत्रित निर्देश आले. अर्ज करताना कंपनीची नक्त मालमत्ता, म्हणजे देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, १५ कोटी रुपये हवी आणि पुढे ती २५ कोटींवर न्यावी लागते, व्यापाऱ्याचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यातच राहिला पाहिजे, या अटी तुम्हाला पहिल्या आठवड्यातच पाठ होतील. अवघड भाग असतो तो त्या खात्यातून कोणती रक्कम केव्हा आणि कशासाठी काढता येते, हे ठरवण्याचा. माझा निम्मा वेळ त्यातच जातो.

त्यापलीकडे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची परिपत्रके असतात. ही संस्था २००८ मध्ये स्थापन झाली, आणि २०१६ पासून यूपीआय तीच चालवते. ती कंपनी कायद्याखालील ना-नफा कंपनी आहे, वैधानिक मंडळ नाही. म्हणून तिचे परिपत्रक सदस्य बँकांना बांधते ते कराराने आणि सदस्यत्वाच्या अटींनी, तर रिझर्व्ह बँकेचा निर्देश बांधतो तो कायद्याने. हा फरक ऐकायला साधा वाटतो, पण वाद उभा राहिला की त्यावरच सगळे ठरते. न्यायालयात उभे राहिलेल्या माणसाला तो लगेच कळतो, आणि ज्यांनी फक्त करार तपासले आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागतो. ‘माझे भांडवल तिथे चालेल का’ या तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर यात आहे. शिवाय याच कायद्याचे कलम २५ उघडून पाहा. खात्यातून परस्पर हप्ता वळता करण्याची सूचना पुरेशा शिलकीअभावी परत गेली, तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आधी तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवसांची मुदत. हे सगळे तुमच्या १३८ सारखेच आहे. कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या अशा फिर्यादी मोठ्या संख्येने असतात, आणि त्या नीट चालवलेल्या माणसाची त्यांना गरज असते.

आता नोकरी घेण्याआधी काय पाहावे, ते सांगतो. जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. त्यामुळे नुसत्या पेमेंटवर कंपनी चालवणे कठीण होते, आणि बहुतेक कंपन्या कर्जवाटपाकडे वळतात. तिथे रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम लागू होतात. ते प्रथम सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये पुन्हा एकत्र केले गेले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यातच गेली पाहिजे, मधल्या कंपनीच्या खात्यातून फिरता कामा नये, ही त्यांतली मुख्य अट आहे. तेव्हा त्या कंपनीला विचारा की तिचे उत्पन्न नेमके कशावर आहे, रिझर्व्ह बँकेची अंतिम परवानगी मिळाली आहे की तत्त्वतः मान्यताच आहे, आणि विधी विभागाने एखादी योजना थांबवा असे लिहून दिले तर ती खरोखर थांबते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका.

एक चूक माझ्या हातून झाली आहे, ती सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. माझ्या पहिल्या कंपनीत मी व्यापाऱ्यांच्या कराराचा मसुदा तयार केला. ग्राहकाने व्यवहार नाकारला तर व्यापाऱ्याचे पैसे १८० दिवसांपर्यंत रोखता येतील, हे कलम मी दुसऱ्या एका करारावरून जसेच्या तसे उतरवले. रोखायचे ते किती, वादातल्या रकमेपुरते की सगळे, हे त्यात लिहिलेच नव्हते. सहा महिन्यांनी कपड्यांच्या एका लहान व्यापाऱ्याची सगळीच शिल्लक त्या कलमाखाली अडकली, आणि सणाच्या हंगामात त्यांना माल भरता आला नाही. तुमच्या बेदाण्याच्या पक्षकाराची हकीकत वाचताना मला ते आठवले. त्या दिवसापासून पैसे रोखण्याचे कलम मी कोणाकडूनही उसने घेत नाही.


उत्तर २ : विजयनगर_जुना_बार

मी सांगलीत अठ्ठावीस वर्षे वकिली करतो. वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त सनदेविषयी आणि इथे राहण्याविषयी लिहितो.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतील नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की वकिली थांबवावी लागते, आणि तसे आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवावे लागते. आपली सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असते, तिथे ती स्थगित करून घ्यावी. नोकरी सोडल्यावर ती पुन्हा चालू करता येते, त्यामुळे परतीची वाट बंद होत नाही. न कळवता नोकरी करणारे आणि अधूनमधून वकालतनाम्यावर सही करणारे काही जण मी पाहिले आहेत. तसे कृपया करू नका, पुढे फार महागात पडते.

परंतु तुमची सहा वर्षे झाली आहेत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ प्रमाणे वकील म्हणून किमान सात वर्षे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांप्रमाणे हा काळ सलग आणि अर्जाच्या वेळेपर्यंत चालू असलेला असावा लागतो. न्यायिक सेवेचा विचार तुमच्या मनात थोडाही असेल, तर उंबरठ्यावर आल्यावर सनद स्थगित करण्याचा निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्या. विचार नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

दुसरे असे, की कंपनीतील वकील आणि बाहेरचा वकील यांच्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्ट भेद केला आहे. नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला जे पूर्ण संरक्षण आहे, ते पगारी विधी अधिकाऱ्याला मिळत नाही. तुम्ही कंपनीला ईमेलवर दिलेले मत उद्या तपासात मागवले जाऊ शकते. आज बार रूममध्ये पक्षकाराशी ज्या मोकळेपणाने बोलता, तो मोकळेपणा तिथे ठेवता येणार नाही. लिहिताना प्रत्येक वाक्य तोलून लिहायची सवय लावून घ्यावी लागेल.

इथे राहून हे काम होईल का, असे तुम्ही विचारले आहे. पाच वर्षांपूर्वी मी ‘नाही’ म्हटले असते. खाते गोठवण्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्यांकडे दाद मिळाली नाही, की मुंबईला रिट याचिका करावी लागे. रात्रीचा प्रवास, मुंबईतील वकिलांचे शुल्क आणि तारखा यांचा खर्च अडकलेल्या रकमेपेक्षा जास्त होई, आणि पक्षकार कपाळाला हात लावून गप्प बसत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले असून सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. सांगलीहून सकाळी निघून याचिका चालवून संध्याकाळी घरी परतता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांनी खाते गोठवले, तर ते कलम १०७ खाली न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या जप्तीहून वेगळे कसे आणि दंडाधिकाऱ्यांना कळवले होते का, हे मुद्दे नीट मांडणारे वकील आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तुम्ही ते एकदा करून दाखवले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे चालतात. हा मंच तर आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक पक्षकारांना ऐकूनही माहीत नाही.

माझे मत विचाराल तर तुम्ही जाऊ नये. पण हे मत एका अशा माणसाचे आहे ज्याने न्यायालयाबाहेर कधी काम केलेले नाही, हेही लक्षात घ्या.


उत्तर ३ : विट्याचा_विधी_विद्यार्थी

मी विधी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासक्रमात बँकिंग कायद्याचा पेपर आहे, पण पेमेंट कायद्याचे नावही त्यात फारसे येत नाही. सुरुवात कुठून करावी?

कराडहून_पुण्यात यांचे उत्तर : २००७ चा कायदा आधी, मग पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश, मग मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ मधील ग्राहक ओळख आणि नोंदी ठेवण्याची कलमे. याच क्रमाने वाचा. जुन्या पुस्तकांतील परिपत्रकांचे क्रमांक मात्र पाठ करू नका. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांविषयीची हजारो जुनी परिपत्रके रद्द करून २४४ मास्टर डायरेक्शन्समध्ये, म्हणजे विषयवार एकत्रित निर्देशांमध्ये, एकत्र केली आहेत, आणि रद्द झालेल्या परिपत्रकावर युक्तिवाद उभा केला तर समोरचा वकील तुम्हाला दोन मिनिटांत खाली बसवील. आधी दोन वर्षे जिल्हा न्यायालयात काढा, असे मी आग्रहाने सांगेन.


उत्तर ४ : सातारा_बँक_कम्प्लायन्स

मी साताऱ्यातील एका नागरी सहकारी बँकेत कम्प्लायन्स अधिकारी आहे. वकील नाही. पण वकिलांची गरज टेबलाच्या या बाजूने कशी दिसते, ते सांगावेसे वाटले.

आमच्याकडे एका पतसंस्थेचे चालू खाते आहे. पतसंस्थेला यूपीआयचे थेट सदस्य होता येत नाही, तिला कोणत्या तरी बँकेच्या आधारानेच हे करावे लागते. त्या संस्थेने पिग्मी गोळा करण्यासाठी एका सॉफ्टवेअर कंपनीचे अ‍ॅप घेतले. सभासद एजंटाच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, पैसे जायचे आणि पावतीचा संदेश यायचा. सगळे खुश होते. महिन्याचा उतारा तपासताना माझ्या लक्षात आले की खात्यात सभासदांची नावे कुठेच दिसत नाहीत. रोज सकाळी अकराच्या सुमारास एकच रक्कम जमा होते, आणि पाठवणाऱ्याचे नाव सॉफ्टवेअर कंपनीचे असते. सभासदाच्या पावतीवर मात्र आदल्या दिवशीची तारीख होती. म्हणजे रोजची पिग्मी एक रात्र त्या कंपनीच्या खात्यात मुक्काम करत होती. मी संस्थेच्या व्यवस्थापकांना करार दाखवायला सांगितले. चार पानी करार होता, त्यात अ‍ॅपचे शुल्क होते, बोधचिन्ह कुठे लावायचे हे होते, पण मधल्या रात्री पैसा कोणाचा याविषयी एक अक्षर नव्हते.

पुढच्याच महिन्यात तीन दिवस जमा आलीच नाही. दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास रक्कम होती. सभासदांच्या पुस्तकांत ती जमा दिसत होती आणि संस्थेच्या खात्यात नव्हती. भाजी विकणाऱ्या एक मावशी रोज पन्नास रुपये भरायच्या. त्यांनी काउंटरवर येऊन आपला मोबाइल पुढे केला आणि विचारले, “माझे पैसे गेलेत ना, मग तुमच्याकडे का नाहीत?” व्यवस्थापकांकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर कायद्याच्या भाषेत ते माझ्याकडेही नव्हते. चौथ्या दिवशी रक्कम आली. परवानगी नसताना ती कंपनी पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे काम करत होती का, ती बुडाली असती तर संस्था तिच्या सर्वसाधारण धनकोंच्या रांगेत उभी राहिली असती का, हे आम्हाला त्या दिवशी सांगू शकेल असा वकील आमच्या पॅनेलवर नव्हता. पॅनेलवरील सगळे जण वसुली आणि गहाणखत यांत निष्णात आहेत. आता क्यूआर कोड थेट संस्थेच्या आमच्या बँकेतील खात्याशी जोडला आहे, आणि पैसे त्याच क्षणी सभासदाच्या नावासह जमा होतात.

तेव्हा ताई, पुण्याच्या कंपनीत जे काम आहे त्याची दुसरी बाजू सांगली-साताऱ्याच्या बँकांमध्ये आणि पतसंस्थांमध्ये पडून आहे. ग्राहकाच्या खात्यातून परस्पर पैसे गेले की काय करायचे, याचे नियम रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांसाठी जुलै २०१७ मध्ये आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये घातले. बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर त्याची जबाबदारी शून्य, कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, आणि ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असे ते तत्त्व आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९४ हजार रुपयांच्या अशाच एका प्रकरणात बँकेचे अपील फेटाळले. ग्राहकाने वेळेत तक्रार केली होती, आणि बँकेला जबाबदारी झटकता आली नाही. पण आमच्या शाखांमध्ये अजून ‘ओटीपी तुम्हीच दिला असेल’ या वाक्यावर तक्रारी संपतात. हे चुकीचे आहे, आणि मी बँकेत असूनही ते लिहिते आहे. भार कोणावर आहे हे संचालक मंडळाला ठणकावून सांगणारा वकील बँकेला हवा आहे, कारण आमचे म्हणणे मंडळाला कटकट वाटते आणि वकिलाच्या लेखी मतावर ठराव होतो.

सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवण्याचा नियम एप्रिल २०२२ मध्ये आला. पुण्यातील एका मोठ्या सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी रुपये सायबर हल्ल्यात गेले, तेव्हापासून आमच्यासारख्या बँका धास्तावलेल्या आहेत. पण त्या सहा तासांत पत्रात काय लिहायचे आणि काय नाही, हे ऐनवेळी विचारायला जवळ कोणी नसते. असे काम वर्षाच्या ठरावीक शुल्कावर तीन-चार संस्थांनी एका वकिलाला दिले, तर ते कोणालाही जड जाणार नाही. माझ्या ओळखीत अशा दोन संस्था आहेत. दुसऱ्या शनिवारी साताऱ्याला येऊ शकलात तर मी त्यांच्या व्यवस्थापकांना बोलावते.


प्रश्नकर्तीचे उत्तर : मिरज_रोड

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून दोन दिवस मी काही लिहिले नाही, कारण आधी कंपनीला पत्र पाठवायचे होते.

कराडच्या दादांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न मी लेखी विचारले. परवानगी अंतिम आहे, त्याची प्रत त्यांनी दाखवली. उत्पन्नाचा मोठा भाग दुकानदारांना कर्ज मिळवून देण्याच्या दलालीतून येतो, हेही त्यांनी लपवले नाही, याचे मला बरे वाटले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र उत्तर आले की विधी विभागाचे मत ‘विचारार्थ’ घेतले जाते आणि अंतिम निर्णय व्यवसाय प्रमुखांचा असतो. मी पुन्हा लिहिले आहे की व्यापाऱ्याचे किंवा ग्राहकाचे पैसे रोखण्याच्या आणि एस्क्रो खात्यातून रक्कम वळवण्याच्या बाबतीत तरी विधी विभागाच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाणार नाही, एवढे नियुक्तिपत्रात घालावे. बाकी कशासाठीही मी हटून बसणार नाही. ते मान्य झाले तर जाईन, कारण हे काम आतून शिकण्याची संधी इथे बसून मिळणार नाही, असे मला अजूनही वाटते.

सर, तुम्ही न्यायिक सेवेचा मुद्दा काढलात तो घरी वडिलांनाही सुचला होता. माझ्या मनात तो विचार नाही, हे मी नीट तपासून पाहिले. पण कलम १३२ चे संरक्षण जाते, हे मला माहीत नव्हते. त्यावर मी खरोखर अडखळले आहे. पक्षकार माझ्याशी जे बोलतात ते माझ्यापाशीच राहते, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावाचून सल्ला कसा द्यायचा हे शिकावे लागेल.

ताई, दुसऱ्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने साताऱ्याला येते. कंपनीचे उत्तर काहीही आले तरी येते. त्या चार पानी कराराची एक प्रत मिळू शकली तर कृपया काढून ठेवावी, आणि माझ्याकडच्या दोन पतसंस्थांनी कोणते अ‍ॅप घेतले आहे ते मी तोवर विचारून घेते. त्यांतल्या एकीचा खातेउतारा काल संध्याकाळी वसुलीच्या कामासाठी माझ्या टेबलावर होता. त्यातही रोज सकाळी एकच जमा आहे.